वीस फुटांवरचा तक्ता

कर्नल सैन्यात कधीच नव्हता. सैन्याच्या फाटकाच्या आत त्याचं पाऊल पहिल्यांदा पडलं ते सत्तेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही गळ्यात 'पालक' असं लिहिलेला पुठ्ठ्याचा तुकडा अडकवून. कर्नल हे नाव त्याला शेजारच्या किल्लीवाल्याने ठेवलं होतं, आणि त्यात कौतुक नावालाही नव्हतं. या गृहस्थाला मात्र ते कौतुकच वाटलं. रस्त्यात कोणी "काय कर्नल" म्हणून हाक मारली की त्याची छाती दोन बोटं पुढे यायची. आपली टर उडवली जातेय हे कळायलाही थोडी अक्कल लागते.

पोटापाण्यासाठी कर्नल चष्म्याच्या दुकानात नोकरी करत होता. बावीस वर्षं तो गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमा बसवत होता, काड्या गरम करून कानामागे वाकवत होता, "अगदी शोभतोय बरं का तुम्हाला" असं म्हणत होता, आणि गिऱ्हाईक पायरी उतरलं की त्याच्या पाठीकडे बघून पुटपुटत होता, "चालले काचा लावून." चष्मा हा त्याच्या मते डोळ्यांचा दोष नव्हता, बेशिस्त होती. माणूस लोळून वाचतो, उशिरा उठतो, पालेभाजी ताटात टाकून देतो, म्हणून त्याला नंबर लागतो. दुकानात मंगळवारी आणि शनिवारी डोळे तपासायला एक डॉक्टर यायचे, त्यांना स्वतःला जाडजूड चष्मा होता. त्यांच्या बेशिस्तीबद्दल कर्नल घरी तासभर बोलू शके. दुकानात मात्र तो त्यांची बॅग उचलायला धावत जायचा.

हे सगळं त्याच्या बायकोला तोंडपाठ होतं. ती कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्रीला होती. दिवसाला साठ-सत्तर शर्ट तिच्या हाताखालून जायचे, आणि त्यातून तिचं एक मत पक्कं झालं होतं की माणूस ओळखायचा तर त्याची कॉलर आतून बघावी. नवऱ्याची कॉलर तिने लग्नाच्या पहिल्याच महिन्यात बघून ठेवली. "तरुणपणी मी अकादमीच्या दारापर्यंत गेलो होतो, थोडक्यात हुकलं," असं तो नव्या नवरीला सांगायचा. खरी गोष्ट तिला सासूने सांगितली. प्रवेश परीक्षेचा पहिला पेपर गणिताचा होता. स्वारी अर्ध्या तासात पेपर देऊन बाहेर आली, सिनेमाला गेली आणि संध्याकाळी घरी येऊन डोकं दुखतंय म्हणून झोपली. सासूने हे हसत हसत सांगितलं होतं. सुनेने ते जपून ठेवलं आणि पुढची वीस वर्षं लागेल तसं वापरलं.

मुलगी आठवीत गेली त्या वर्षी कर्नल एक निळी फाइल घेऊन घरी आला. कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या भाच्याला सैनिकी अकादमीत जागा मिळाली होती, आणि त्या गिऱ्हाइकाने फ्रेम निवडता निवडता सांगितलं होतं की बारावीत जागे होणाऱ्यांचं तिथे काही खरं नसतं, तयारी आठवीपासून लागते. कर्नलने फाइलचे चार भाग केले. शरीर, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य. चारित्र्याचा भाग सगळ्यांत आधी फुगला, कारण चारित्र्याची प्रमाणपत्रं मिळतात.

"अहो, तेरा वर्षांची आहे ती," बायको म्हणाली. "तिला अजून वेणी धड घालता येत नाही."

"वेणी कापायचीच आहे," कर्नल म्हणाला.

आणि त्याने ती दुसऱ्या दिवशी कापून आणली.

मग सुरू झाली ती एक थट्टाच होती. पहाटे पाचला शिट्टी. मुलगी रस्त्यावर पळायची आणि हा मागून सायकलवर, हातात वेळ मोजायचं घड्याळ. स्वतः हा माणूस सुटलेली बस पकडायलाही कधी पळाला नव्हता. नेतृत्वासाठी मुलीला वर्गप्रमुख करायचं ठरलं, तेव्हा त्याने वर्गशिक्षिकेच्या चष्म्याची मोडकी काडी फुकट बसवून दिली, आणि मुलगी वर्गप्रमुख झाली. समाजसेवेसाठी दर रविवारी वृद्धाश्रम. तिथल्या म्हाताऱ्यांना काय हवं असायचं? कोणीतरी खिडकी उघडावी, कोणीतरी पाठीला तेल चोळावं. कर्नल त्यांना ओळीत बसवायचा, मुलीला त्यांच्यासमोर वर्तमानपत्र धरून उभी करायचा, फोटो काढायचा आणि व्यवस्थापकाची सही घेऊन निघायचा. खिडकी मुलगी जाता जाता स्वतःहून उघडायची. त्याचा फोटो नव्हता.

जेवताना मुलाखतीचा सराव चाले.

"तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?" कर्नल घास हातात धरून विचारायचा.

"मी कामात स्वतःला विसरते, सर," मुलगी भिंतीकडे बघत म्हणायची.

"आणि तुमच्या वडिलांचा?" आई विचारायची.

मुलीला हसू यायचं, ती ते पाण्याच्या भांड्यात लपवायची. कर्नल म्हणायचा की अशा घरातून अधिकारी घडत नाहीत. बायको म्हणायची की अशा घरातून अधिकाऱ्यांचे कपडे इस्त्री होऊन जातात, तेवढं पुरे. दोघांनाही आपापलं वाक्य आवडायचं आणि दोघंही शेवटचं बोलणं आपलं असावं म्हणून ताटावरून उठायची नाहीत. मुलगी आपलं ताट घासून केव्हाच अभ्यासाला बसलेली असायची.

या सगळ्यात कर्नलचा सर्वांत लाडका प्रकार म्हणजे डोळ्यांचा. दुकानात अक्षरं दाखवणारी दिव्याची नवी पेटी आली तेव्हा मालकाने अक्षरांचा जुना पुठ्ठ्याचा तक्ता टाकून द्यायला सांगितला होता. कर्नलने तो गुंडाळून घरी आणला. तक्ता वीस फुटांवरून वाचायचा असतो. त्याने बाहेरच्या दारापासून बाथरूमच्या दारापर्यंत टेप लावली, तर घर वीस फूट दोन इंच भरलं. या घरात एक गोष्ट तरी आपल्या मापाची निघाली याचा त्याला इतका आनंद झाला की त्याने टेप पुन्हा लावून बघितली. तक्ता बाथरूमच्या दारावर चढला. रोज सकाळी पळून आल्यावर मुलीने बाहेरच्या दाराला पाठ टेकून उभं राहायचं, एका डोळ्यावर वाढायचा चमचा धरायचा आणि वरपासून खालपर्यंत वाचायचं. मग दुसरा डोळा.

आठवीत तिने आठच्या आठ ओळी वाचल्या, आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. कर्नलचे डोळे भरून आले. "रोज वाचायचं," तो म्हणाला. "डोळ्यांनाही कसरत लागते. तिथे तपासणीला असाच तक्ता असतो."

रोज एकच तक्ता वाचून नजर तयार होते असं जगातल्या कुठल्याही डॉक्टरने म्हटलेलं नाही. ते कर्नलने म्हटलं होतं, आणि घरात त्याला खोडणारं कोणी नव्हतं. खोडायचं म्हणजे आधी ऐकून घ्यावं लागतं, आणि बायकोने त्याचं बोलणं मनावर घेणं बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलं होतं. बाथरूममध्ये कपडे भिजवता भिजवता तिच्या कानांवर ते रोज पडायचं, दाराच्या त्या बाजूने, एका सुरात, पाढ्यांसारखं. शेवटची ओळ होती ट, ग, प, ल, न, ख, स. दोन महिन्यांत तीच ओळ तिच्याही तोंडात बसली. एकदा लाँड्रीत शर्टाच्या बाह्या मोडताना ती तेच म्हणतेय हे शेजारणीने ऐकलं आणि विचारलं, कसला मंत्र आहे. "आमच्या कर्नलसाहेबांचा आहे," ती म्हणाली, आणि सगळी लाँड्री हसली.

मुलगी दहावीत गेली. अंगाने काटक झाली, चालणं ताठ झालं, आणि समोर बघताना डोळे बारीक करायची सवय लागली. "नजर बघ कशी करारी झालीय," कर्नल म्हणायचा. वर्गात ती मागच्या बाकावरून उठून पहिल्या बाकावर बसायला लागली. "पुढारी पुढेच बसतो," कर्नल म्हणाला आणि ही गोष्ट नेतृत्वाच्या भागात लिहून ठेवली.

आईला या करारीपणाचा वेगळाच अनुभव आला. एका दुपारी ती लाँड्रीच्या दारात धुतलेल्या चादरींचं गाठोडं घेऊन उभी होती, आणि रस्त्यापलीकडून मुलगी मैत्रिणींबरोबर चालली होती. आईने हात वर केला. मुलीने तिच्याकडे सरळ बघितलं, डोळे बारीक केले आणि पुढे निघून गेली. आईने गाठोडं खाली ठेवलं. तिच्या जिव्हारी लागलं ते. आता इस्त्रीवाल्या आईला ओळख दाखवायची लाज वाटायला लागली तर. बापाने शिकवलं ते फळाला आलं. घरी गेल्यावर तिने त्यातलं एक अक्षर बोलून दाखवलं नाही. फक्त त्या दिवसापासून मुलीशी बोलतानाही तिच्या जिभेला तीच धार आली, जी आधी फक्त नवऱ्यासाठी होती. "उठा, मेजरसाहेब." "जेवा, मेजरसाहेब."

अकरावीत कर्नलला पाठदुखी लागली आणि पहाटेची शिट्टी बंद झाली. आईला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी पाचला दाराची कडी वाजली. मुलगी एकटीच पळायला गेली होती. तिसऱ्या दिवशीही गेली. महिनाभराने आईने तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"आता कशाला मरतेस? ते तर झोपलेत."

"मला जायचंय तिथे," मुलगी म्हणाली.

"त्यांच्यासाठी?"

"नाही. बाबांचं राहू दे. मलाच जायचंय, आई." ती बुटांच्या नाड्या सोडत होती, मान वर न करता बोलत होती. "तिथे सगळ्यांना एकच नियम असतो आणि तो आधी सांगतात. चुकलं तर काय चुकलं तेही सांगतात. इथे घरात कोण कशावरून काय बोलेल, सांगता येत नाही."

आईला राग यायला हवा होता, पण तिला भीती वाटली. या पोरीला खरंच जायचं होतं. तिला ती निळी फाइल नको होती, ते फोटो नको होते. तिला ती जागा हवी होती, आणि ती मिळाली नाही तर तिच्याकडे दुसरं काही नव्हतं, कारण आठवीपासून दुसरं काही तिला कोणी करूच दिलं नव्हतं. पण भीती वाटतेय असं म्हणायची सवय आईला नव्हती. "बरं आहे, मेजरसाहेब," ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

बारावीत अर्ज आला, त्याबरोबर नियमांची चाळीस पानी पुस्तिका. कर्नलने ती पेन घेऊन वाचली, खुणा केल्या, कोपरे मुडपले. डोळ्यांचं पान आलं तेव्हा हसला आणि ते उलटून पुढे गेला. "मला डोळ्यांचं कोण शिकवणार?" अर्जात 'चष्मा वापरता का' या प्रश्नापुढे त्याने इतक्या ठसठशीत अक्षरांत 'नाही' लिहिलं की मागच्या पानावर त्याचा वळ उठला. बायकोने पुस्तिकेला हातही लावला नाही.

मुलगी लेखी परीक्षेत पास झाली. मुलाखतीत पास झाली, आणि तीसुद्धा स्वतःची उत्तरं देऊन. मोठा दोष कोणता असं विचारल्यावर तिने सांगितलं की मदत मागायला मी फार उशीर करते. हे तिने घरी सांगितलं तेव्हा कर्नल दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, कारण ठरलेलं उत्तर वाया गेलं होतं.

राहिली फक्त वैद्यकीय तपासणी. तिघंही गेली. लांबलचक व्हरांडा, फिनेलचा वास, भिंतीला लावलेली बाकं आणि बाकांवर आपापल्या मुलांच्या फायली मांडीवर घेतलेले आईबाप. कर्नल सगळ्यांत ताठ बसला होता. समोरून अधिकारी जात-येत होते. पहिल्याला चष्मा होता. कर्नलने मान वळवली. दुसऱ्याला नव्हता, तिसऱ्याला होता. त्यानंतर एक उंच बाई गेल्या, छातीवर पदकांच्या दोन ओळी, आणि नाकावर चष्मा. बायकोने मोजायला सुरुवात केली. सात गेले, त्यांपैकी चौघांना चष्मा.

"बेशिस्त दिसतात सगळे," ती नवऱ्याच्या कानात म्हणाली.

कर्नलने मांडीवरची फाइल सरळ केली. त्याच्या कपाळावर घाम होता. बायकोला मजा वाटत होती. वीस वर्षांत इतकी मजा तिला वाटली नव्हती.

डोळ्यांच्या खोलीचं दार उघडलं आणि आतल्या डॉक्टरांनी दोघांनाही बोलावलं. मुलगी खोलीच्या मधोमध उभी होती, हात मांड्यांना चिकटलेले, ताठ. डॉक्टरबाई टेबलामागे बसून लिहीत होत्या. त्यांनी कागद फिरवून समोर ठेवला.

"हे हिला कोणी शिकवलं?"

"काय?" कर्नल म्हणाला.

"वरच्या दोन ओळी हिने अडखळत वाचल्या. खालच्या सगळ्या धडाधड. शेवटची ओळ वाचली ट, ग, प, ल, न, ख, स. आमच्या तक्त्यावर त्या जागी यातलं एकही अक्षर नाही. म्हणून मी दुसरा तक्ता लावला. हिने पुन्हा तेच वाचलं."

आईच्या तोंडात ती ओळ आपोआप पुढे सरकली आणि थांबली.

"बाबा म्हणाले होते, तिथे असाच तक्ता असतो," मुलगी म्हणाली. "मला वाटलं, तोच असतो."

"दिसत नव्हतं, हे तुला कळत होतं की नाही?"

"हो."

डॉक्टरांनी चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा लावला. त्या कर्नलकडे वळल्या. "उणे पावणेदोन नंबर आहे. आम्ही अडीचपर्यंत घेतो. दहा वर्षं झाली हा नियम होऊन, पुस्तिकेत पंधराव्या पानावर छापलाय. चष्मा लावून आली असती तर मी पाच मिनिटांत सही करून मोकळी झाले असते."

"मी करून आणतो," कर्नल घाईघाईने म्हणाला. "मी चष्म्याच्याच दुकानात असतो. उद्या सकाळपर्यंत आणतो, डॉक्टर. चांगली हलकी फ्रेम..."

तो बोलत राहिला. काचा कुठल्या, काड्या कुठल्या, ओरखडे न पडणारा थर कसा मोफत बसवून मिळतो. बावीस वर्षांत गिऱ्हाइकांपुढे घोटलेलं सगळं त्याने तिथे ओतलं. डॉक्टरांनी त्याला संपवू दिलं. मग म्हणाल्या, "आता चष्म्याचा प्रश्नच राहिला नाही. तपासणीत जाणूनबुजून खोटं सांगितलं, असं मला लिहावं लागतं. ते लिहिलं की पुन्हा अर्ज करता येत नाही." आणि त्यांनी ते लिहिलं.

बाहेर आल्यावर कर्नल फाइल पोटाशी धरून कुठल्याशा खिडकीकडे अपील विचारायला गेला. वाटेत दिसेल त्या गणवेशाला तो वाकून नमस्कार करत होता, त्यात एका माळ्यालाही त्याने केला. मायलेकी झाडाखालच्या कठड्यावर बसल्या. आईच्या अंगाची नुसती लाहीलाही होत होती.

"बावीस वर्षं लोकांचे डोळे तपासले जाताना बघितले या माणसाने," ती म्हणाली. "पोटच्या पोरीला दिसत नाही, हे कळलं नाही. पुस्तिका वाचली म्हणे. हा वाचणार. आयुष्यात एक पेपर पुरा वाचला नाही याने, आणि निघाला अधिकारी घडवायला. तोंड बघ, तोंड बघ कसं करून फिरतोय."

मुलगी समोर बघत होती. समोर एक तुकडी कवायत करत होती. तिच्याच वयाची मुलं-मुली. तिला त्यातलं किती दिसत होतं कोण जाणे. ती रडत नव्हती, हे आईला सहन होईना.

"आणि तूही कमाल केलीस," आई म्हणाली. "त्याला सांगायची भीती वाटली, समजलं मला. त्याने खाऊन टाकलं असतं तुला. पण मी होते की नाही घरात? मला एका शब्दाने सांगायचंस. मी कोणाला न विचारता तुला चष्मा आणला असता."

"सांगितलं होतं," मुलगी म्हणाली.

"कधी?"

"नववीत. सहामाहीच्या आधी. तू इस्त्री करत होतीस. मी म्हटलं, आई, फळ्यावरचं पुसट दिसतं. दारावरचा तक्ताही दिसत नाही, मी पाठ म्हणते." तिचा आवाज सपाट होता, मुलाखतीत उत्तर द्यावं तसा. "तू म्हणालीस, तुझ्या कर्नलसाहेबांना जाऊन सांग, मला त्यांच्या सर्कशीत घेऊ नकोस. आणि हसलीस. मग मी परत नाही सांगितलं."

आईने तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. कोणता शर्ट, कोणती वेळ, मुलगी कुठे उभी होती. काही आठवेना. शब्द मात्र तिचेच होते. ते तिने त्या वर्षी रोज कोणाला ना कोणाला ऐकवले होते.